परवडत नाही, ते कुणाला?

गेल्या श्रावणात आमच्या गटाची बैठक कोडोलीत एका मैत्रिणीच्या सोप्यात बसली होती. दहावी झालेल्या चार मुलींना आयटीआयच्या कुठल्या ट्रेडला घालायचे, एवढाच विषय होता. मी म्हणाले, दोघींना तरी मोटार मेकॅनिकला घालूया, नाहीतर ट्रॅक्टर मेकॅनिकला. सोप्यात एकदम शांतता झाली. मग आमच्या गटाचे पैसे सांभाळणाऱ्या अक्कांनी दूध संघाच्या बिलाची चिठ्ठी पालथी केली, कानामागची पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथे हिशेब मांडला.

एसटी, डबा, गणवेश, बूट मिळून महिना दीड हजार धरा. वर्षाचे दहा महिने, दोन वर्षे, म्हणजे तीस हजार. त्याच दोन वर्षांत पोर आईबरोबर भांगलणीला गेली असती तर वर्षाचे शंभर दिवस तरी काम लागले असते. तीनशे हजेरी धरली तर साठ हजार बुडाले. स्वतःचे पाने, पक्कड, हातोडी घ्यायला दहा हजार. झाले की लाख रुपये! "आणि हातात काय येनार? गॅरेजात नऊ हजार पगार. त्यो बी लगीन हुईस्तोवर. मग सगळं सासरच्या घरात. न्हाई परवडत बाई," असे म्हणून अक्कांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

मी त्या दिवशी काहीच बोलले नाही, कारण बेरीज बरोबर होती. अक्कांची बेरीज कधी चुकत नाही. गेली कितीतरी वर्षे गटाचा एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. चौघीपैकी दोघींचे शिवणकामाचे आणि एकीचे ब्यूटी पार्लरचे ठरले. चौथीचे अजून ठरायचे आहे, म्हणजे काय ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. हा लेख त्या चिठ्ठीला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि ते एकट्या अक्कांना नाही. मैत्रिणींनो, अशा चिठ्ठ्या आपल्या सगळ्यांच्याच पिशवीत आहेत.

पहिली गोष्ट. हाच हिशेब अक्कांच्या नातवासाठी मांडून बघा. तोच ट्रेड, तीच एसटी, तेच बूट. त्याचीही हजेरी बुडाली, आणि ती मुलीपेक्षा जास्त बुडाली, कारण शेतात गड्याची हजेरी बाईच्या हजेरीहून जास्त असते. म्हणजे खर्चाची बाजू मुलाची जड! तरीही कुठल्या बैठकीत कुणी चिठ्ठी पालथी करून त्याचे शिक्षण परवडते का ते बघितले नाही. तो सहा महिन्यांत संध्याकाळचा कुठल्यातरी मेस्त्रीच्या हाताखाली जाऊन उभा राहतो. पंक्चर काढतो, ग्रीस भरतो, शिव्या खातो, शिकतो. दोन वर्षे संपायच्या आत फाट्यावरच्या चिंचेखाली एक पत्रा, एक जॅक आणि हवा भरायचे यंत्र घेऊन बसतो. त्याचे चार पैसे पहिल्या वर्षापासून यायला लागतात. मुलीला तो संध्याकाळचा मेस्त्री मिळत नाही आणि चिंचेखालची जागाही मिळत नाही. तेव्हा तोटा आहे तो शिकवण्यात नाही. शिकून झाल्यावर तिच्या मिळकतीची वाट अडवली जाते, आणि त्या अडवणुकीचे पैसे आपण तिच्या शिक्षणाच्या खर्चात धरतो.

दुसरी गोष्ट उलटी आहे. अक्कांच्या हिशेबात एक खर्च आलाच नाही, आणि तो मुलाच्या बाबतीत शून्य आहे. मुलगी सकाळी सातच्या एसटीने गेली की पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, धाकट्याला शाळेत कोण घालवणार? ते सगळे आईच्या अंगावर पडते. कोल्हापूर इथून तीस-पस्तीस किलोमीटर. येऊन-जाऊन मुलीचे दहा तास घराबाहेर जातात, आणि आईचे दोन तास वाढतात. या कामाला कुणी हजेरी देत नाही म्हणून ते चिठ्ठीवर येत नाही, पण मुलीला घरी बसवायचे खरे कारण बहुतेक वेळा तेच असते. आई ते बोलून दाखवत नाही. ती म्हणते, "पोरीच्या हाताला काळं लागलं तर लगीन कोन करनार?" काळे लागण्याची भीती खोटी नाही. पण तिच्या खाली घागरी आहेत.

सरकारने फी माफ केली की प्रश्न मिटला, असे हल्ली फार ऐकू येते. २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली. चांगलेच झाले, त्यासाठी आपणच भांडत होतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तेही चांगले. पण सरकारी आयटीआयची फी ही मोठी अडचण मुळात कधीच नव्हती. आणि मुलींसाठी ३० टक्के जागा तिथे राखीव आहेतच. अडचण असते बूट, हत्यारे, मासिक पाळीच्या दिवसांत दिवसभर उभे राहून करायचे काम, वर्कशॉपपासून लांब असलेले कुलूपबंद शौचालय, वीस मुलांत एकटी मुलगी असणे. जागा राखीव ठेवायच्या, त्या भरायच्या नाहीत, आणि शेवटच्या फेरीत मुलांना देऊन टाकायच्या. मग म्हणायचे, मुलींना आवड नाही.

आवड! आवड ही गोष्ट कायद्यानेसुद्धा घडवलेली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याचे २२ वे कलम ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचा. चालत्या यंत्राची साफसफाई, तेलपाणी, जुळवणी स्त्रीने करायची नाही, असे त्यात लिहिले होते. स्त्री आणि अल्पवयीन मुले यांना एकाच वाक्यात बसवले होते. हेतू संरक्षणाचा होता, मान्य. पट्ट्यात पदर अडकून बायका मेल्या आहेत, हेही खरे. पण पट्ट्याला जाळी लावण्यापेक्षा बाईला लांब ठेवणे स्वस्त पडले. ज्या देशाच्या कायद्यात बाईने यंत्राला तेल घालायचे नाही असे सत्तर वर्षांहून जास्त काळ लिहिलेले होते, त्या देशात आई मुलीला म्हणते की हे बायकांचे काम नव्हे, तर तिचे काय चुकले? २०२० च्या नव्या श्रमसंहितेत स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल, असे लिहिले आहे. कागदावर दार उघडले. पण आमच्या इकडची गॅरेजे म्हणजे मालक आणि दोन पोरे. तिथे कारखान्याचा कायदा तेव्हाही लागू नव्हता, आताही नाही.

शिकाऊ उमेदवारीचेही तसेच. १९६१ चा कायदा आहे. २०१९ मध्ये नियम बदलून किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५ हजार ते ९ हजार केले, आणि आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्याला ७ हजार. वर्षाचे झाले ८४ हजार. अक्कांच्या लाखाच्या खड्ड्यातला मोठा भाग एका वर्षात भरून निघतो, हे त्या चिठ्ठीवर यायला हवे होते. पण चारपेक्षा कमी माणसे असतील त्या ठिकाणी या कायद्याखाली उमेदवार ठेवताच येत नाही, आणि तिसापासून पुढे ते बंधनकारक आहे. म्हणजे ८४ हजार मिळवायचे तर मुलीला कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा थेट पुणे गाठावे लागते. तिथे राहायची खोली आली, खानावळ आली, घरच्यांची परवानगी आली. आणि पुण्याच्या मोटार कारखान्यात हल्ली मुलींना आनंदाने घेतात. एका ओळीत शेकडो मुली उभ्या राहून गाड्या जोडतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. मी त्या मुलींना कमी लेखत नाही. महिन्याला पगार येतो, घरापासून लांब स्वतःचे डोके स्वतः वापरता येते. पण चार बोल्ट आवळायचे काम वर्षभर करून गाडी दुरुस्त करता येत नाही. मुदत संपली की ती मुलगी गावी परत येते ती हातात कसब नसताना. दुरुस्ती म्हणजे आवाज ऐकून कळणे, की हा बेअरिंगचा आहे का टॅपेटचा. ज्याला ते कळते त्याला मालक लागत नाही. माझा आग्रह दुरुस्तीसाठी आहे तो यामुळे.

आता शिवणकामाकडे वळते. इथे काही मैत्रिणी रागावणार आहेत, रागवा. मी स्वतः नऊ वर्षे शिवणवर्ग चालवले आहेत. वारणेच्या परिसरात घराघरांत शिलाई मशीन आहे, आणि अर्ध्याअधिक मशीनवर चादर टाकलेली आहे. तयार कपड्यांचे ढीग बाजारात आले, गल्लीत सहा जणी ब्लाऊज शिवणाऱ्या झाल्या, त्यातल्या चौघी एकमेकींचे दर पाडतात. या वर्गांचा जमाखर्च कुणी मांडला? किती मशीन वाटली याचा आकडा प्रत्येक अहवालात असतो. तीन वर्षांनी त्या मशीनने किती मिळवून दिले याचा आकडा मी एकाही अहवालात बघितलेला नाही. माझ्या स्वतःच्या अहवालातसुद्धा नाही. सरकारचीही तीच तऱ्हा. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, पाच टक्क्यांनी तीन लाखांपर्यंत कर्ज. त्या अठरांत लोहार आहे, सुतार आहे, कुलपे करणारा आहे, शिंपी आहे. मोटार मेस्त्री नाही. शिलाई मशीन मिळणार अशी हवा गावोगाव झाली आणि बायकांच्या रांगा लागल्या. ज्या कामाला आज गिऱ्हाईक आहे त्याच्या हत्यारांना मदत नाही, आणि ज्याचे गिऱ्हाईक आटले त्याचे मशीन फुकट.

गिऱ्हाईक आहे म्हणते ते उगाच नाही. सकाळी आठ ते दहा वारणानगरच्या रस्त्यावर उभ्या राहा आणि मोजा. शिक्षिका, नर्स, आशाताई, कॉलेजच्या मुली, डेअरीला दूध घालणाऱ्या बायका, सगळ्या बिनगिअरच्या स्कूटरवर. त्या गाड्यांना साखळी नसते, पट्टा असतो, तो झिजला की बदलायचा. रोलर घासले की गाडी चढाला ओढत नाही. ब्रेक लायनर, ऑइल, हवेची जाळी. बहुतेक कामे एका माणसाने बसून करायची, अंगात बैलाची ताकद लागत नाही. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, त्यामुळे जुन्या मेस्त्रींनाही नव्याने शिकावे लागतेय, आणि शिकलेल्या पोरीला ते यंत्र वाचायला सोपे जाते. गॅरेजात बायकांना फसवतात, नको ते सुटे भाग बदलतात, ही तक्रार तर आपण प्रत्येकीने केलेली आहे. मग ही गाडी बाईने दुरुस्त केली तर बायका जातील की नाही?

"ट्रॅक्टर रात्री उसात बंद पडला तर तुमची पोर जाणार काय?" असे मला एका कारखान्याच्या माणसाने हसत हसत विचारले. गाळप हंगामात रात्री-अपरात्री ट्रॅक्टर बंद पडतात, खरे आहे. त्याच उसात रात्री-अपरात्री बीडहून आलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रेलरवर चढते. तिला कुणी विचारले नाही, भीती वाटते का.

पैसा लावायचा ठरवले तर वारणेत काय होऊ शकते, हे आपण बघितलेले आहे. माळावर साखर कारखाना उभा राहिला, मग दूध, बाजार, शिक्षणसंस्था. १९९८ साली वारणेच्या सत्तर गावांना संगणकाने जोडायची योजना आली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि इथल्या सहकारी संस्था, तिघांनी मिळून पैसा घातला. शेतकऱ्याला गावात बसून उसाचे वजन कळावे, म्हणून. तेव्हा कुणी पेन्सिल काढून एकेका शेतकऱ्याच्या नावावर खर्च टाकला नाही. त्याआधी कितीतरी वर्षे, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला. त्यांनाही दरबारात 'परवडत नाही' म्हणणारे कुणी भेटले नसेल असे नाही. खर्च समाजाने उचलला की गुंतवणूक, आणि तोच मुलीच्या बापावर पडला की तोटा.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय वरचे सगळे लिहिण्याचा मला हक्क नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हीच एका मुलीच्या घरी चार-चारदा जाऊन तिला मोटार मेकॅनिकला घातले. प्रवेश झाला त्या दिवशी पेढे वाटले, पाना हातात देऊन तिचा फोटो काढला, तो आमच्या माहितीपत्रकावर छापला. परभणीहून पुण्यात येऊन १९८८ मध्ये रिक्षा चालवायला लागलेल्या शीला डावरेंची आणि दिल्लीच्या ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकची चाके बदलणाऱ्या शांतीदेवींची गोष्ट मी भाषणात सांगत असे. शांतीदेवी नवऱ्याबरोबर काम करता करता शिकल्या, म्हणजे गॅरेजचे दार त्यांना घरातूनच उघडे होते, हे मात्र मी सांगत नसे. आमच्या मुलीला ते दार नव्हते. ती चांगल्या गुणांनी पास झाली. एका गॅरेजने तिला ठेवून घेतले, आणि आम्ही पुढच्या कार्यक्रमाला लागलो.

त्या गॅरेजात बायकांसाठी संडास नव्हता. पोरे मागच्या भिंतीला जात. ही सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत पाणी प्यायची नाही. चार महिन्यांत लघवीचा त्रास सुरू झाला, डॉक्टरची औषधे पगारातून. मग मालकाने, वाईट माणूस नव्हता तो, तिला आत टेबलावर बसवले. गिऱ्हाइकाच्या गाडीचा नंबर लिहायचा, पावती फाडायची. दोन वर्षे शिकलेली मुलगी वहीत नंबर लिहीत बसली आणि तिच्यानंतर आलेली पोरे इंजिन खोलत राहिली. आठव्या महिन्यात तिने काम सोडले. या आठ महिन्यांत आमच्यापैकी एकही बाई त्या गॅरेजात पाय ठेवायला गेली नाही. संडास बांधायला किती खर्च येतो, हा हिशेब आम्ही कुठल्याच चिठ्ठीवर मांडला नव्हता.

तिचे लग्न झाले, शेजारच्याच गावात. यंदा हळदीकुंकवाला भेटली. मी विचारले, काम सुटले का गं? तर हसली. "सुटतंय कुठलं? गल्लीतल्या सगळ्या गाड्या मीच बघतो की." दिराची मोटारसायकल, शेजारणीची स्कूटर, सासऱ्यांच्या मित्राचा फवारणीचा पंप. सगळे म्हणतात, वहिनी जरा बघ की. ती बघते. प्लग साफ करते, क्लचची तार बदलते, ब्रेक जुळवते. पैसे? "घरच्या मानसांकडनं कसं घ्यायचं?" अख्खी गल्ली घरची झाली! म्हणजे धुण्याभांड्यांच्या, शेणकुराच्या जोडीला आणखी एक फुकटचे काम आम्ही तिला शिकवून दिले. तिच्या शिक्षणाचा फायदा शंभर टक्के झाला आहे, फक्त तिला सोडून बाकी सगळ्यांना.

हे कळल्यावर मी अक्कांची ती चिठ्ठी पुन्हा काढली आणि दोघी बसून नव्याने मांडली. बाहेरच्या मेस्त्रीने जे पैसे घेतले असते ते धरून आम्ही त्या मुलीच्या एका महिन्याच्या कामांची यादी केली. सगळ्यात साधे दर लावले. आकडा इथे देत नाही, कारण तो तिचा आहे, पण अक्कांनी दोनदा बेरीज करून बघितली आणि पेन्सिल खाली ठेवली. नऊ हजारांपेक्षा जास्त होता.

तेव्हा गटापुढे आता तीन कामे आहेत. मुलींना ट्रेडला घालण्याआधी ज्या गॅरेजात त्या जाणार तिथला संडास स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचा, आणि नसेल तर मालकाला निम्मे पैसे गटातून उसने द्यायचे; अक्कांचा याला अजून विरोध आहे, आणि तो सगळाच चुकीचा नाही. हत्यारांची एक पेटी गटाच्या नावावर घ्यायची, ती भाड्याने फिरवायची. आणि त्या मुलीला फाट्यावर गाळा मिळवून द्यायचा, भिंतीवर दर लिहून. दर लिहिलेला असला की "जरा बघ की" म्हणणाऱ्याचीही जीभ अडखळते. हे मी तुम्हाला नमुना म्हणून सांगत नाही. जमेल की नाही, माहीत नाही. मला तुमच्याकडून उलट काही हवे आहे. तुमच्या भागात कुठल्या ट्रेडला किती मुली घातल्या आणि तीन वर्षांनी त्या काय करतात, ते पुढच्या अंकापर्यंत लिहून पाठवा. फसलेले आधी पाठवा.

गाळ्याचा अर्ज घेऊन आम्ही तिघी गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत गेलो. टेबलावरचा मुलगा भला होता, बसा म्हणाला, चहा सांगितला, अर्ज आपणच भरायला घेतला. नाव, पत्ता, आधार. व्यवसायाच्या रकान्यापाशी त्याने मान वर केली नाही, विचारलेही नाही. 'शिवणकाम' लिहून मोकळा झाला. अक्कांनी अर्ज ओढून घेतला, कानामागची पेन्सिल काढली, मग म्हणाल्या, पेन दे. शिवणकाम खोडून त्यांनी 'दुचाकी दुरुस्ती' असे लिहिले. खाडाखोड असलेला अर्ज चालत नाही, नवा आणा, असे दुसऱ्या दिवशी सांगण्यात आले. नवा दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.